हरकत कुणाची?

घरी दखनी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आमच्या पिढीला एका शब्दाने लहानपणी बराच गोंधळात टाकले होते. दादी म्हणायची, 'हरकतां नक्को करो', म्हणजे गप बसा, हलू नका. शाळेत गुरुजी म्हणायचे, 'माझी हरकत नाही', म्हणजे खुशाल जा. शब्द एकच, अरबीतून आलेला. घरात त्याचा अर्थ हालचाल, शाळेत त्याचा अर्थ आक्षेप. पुढे नोकऱ्यांचे अर्ज भरायला लागलो तेव्हा 'ना हरकत प्रमाणपत्र' नावाचा कागद भेटला. मराठीत त्याचा अर्थ, या माणसाने दुसरीकडे अर्ज केला तर आमचा आक्षेप नाही. दादीच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ असा होतो की या माणसाने जागचे हलू नये. परळीत हा कागद सध्या दादीच्या अर्थाने चालतो.

आम्ही परळी वैजनाथचे चार-पाच जण. दोघे निवृत्त शिक्षक, एक जण थर्मलमधून निवृत्त, एक झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, आणि एक ज्याला काहीच धड जमले नाही म्हणून तो लिहितो. रविवारी झेरॉक्सच्या दुकानात बसून मोहल्ल्यातल्या पोरापोरींचे अर्ज भरून देतो. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, फोटोचा आकार, सहीचा आकार. पूर्वी फॉर्मच्या झेरॉक्स निघत, आता ओटीपी येतो. १९९४ च्या डिसेंबरात राज्य सरकारने मुस्लिमांतल्या ओबीसी जातींना दाखले देण्याचा निर्णय घेतला, त्यानंतर या टेबलावरची गर्दी वाढली. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. आयएएसमध्ये मुसलमान तीन टक्के आणि आयपीएसमध्ये चार टक्के, हे आकडे तेव्हा वक्त्यांच्या तोंडी इतके बसले की जलसा सीरतचा असो की शाळेच्या स्नेहसंमेलनाचा, ते आल्याशिवाय भाषण संपायचे नाही. सरकार आम्हाला नोकऱ्या देत नाही, हे आम्ही वीस वर्षे सांगत आलो. ते खोटे नाही. पण आमच्या टेबलावर जे अर्ज अडतात, त्यातले सगळेच सरकारी दारात अडत नाहीत. काही आमच्याच दारात अडतात. आज त्याबद्दल बोलायचे आहे.

गेल्या वर्षी एक बाई आमच्याकडे आल्या. नाव लिहीत नाही, संस्थेचेही लिहीत नाही. कोण ते परळीत सगळ्यांना कळेल, बाहेर कळण्याची गरज नाही. बी.एस्सी., बी.एड. आमच्याच समाजाने चालवलेल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवतात. सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली, मग कायम झाल्या, सगळी मिळून नऊ वर्षे. पगार सरकारी तिजोरीतून येतो, पगारपत्रकावर सही संस्थेची. केंद्र सरकारच्या एका शाळेत पद निघाले होते. परीक्षा त्यांनी आधीच दिली होती, उत्तीर्णही झाल्या होत्या. कागदपत्रांच्या तपासणीला संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र हवे होते. हातात अकरा दिवस होते.

त्यांनी अर्ज लिहिला. कारकुनाने घेतला, पण आवक क्रमांक द्यायला नकार दिला. म्हणाला, साहेब बघतील, मग नंबर टाकू. साहेब तीन दिवस औरंगाबादला होते. चौथ्या दिवशी भेटले. त्यांनी नकार दिला नाही, हे नीट लक्षात घ्या. ते म्हणाले, 'बेटी, कौम का इदारा है, छोड़ के जाना अच्छा नहीं लगता.' मग चहा मागवला. मग विचारले, का जायचे आहे? बाईंनी कारण सांगितले. आम्ही ते इथे लिहिणार नाही. कारण चांगले असते तर दाखला द्यायला हवा होता आणि साधे असते तर नको होता, असे काही नाही. नऊ वर्षे काम केलेल्या माणसाने दुसरीकडे अर्ज का केला, हे विचारण्याचा अधिकारच आम्हाला मान्य नाही. शेवटी साहेब म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय ठेवू.

बैठक झाली, ती मुदत संपल्यावर सहा दिवसांनी. बाई तपासणीला बिनदाखल्याच्या गेल्या. त्यांना आणखी पाच दिवस मिळाले. त्या पाच दिवसांत आम्ही दोन वेळा साहेबांच्या घरी गेलो, एकदा मगरीबनंतर, एकदा सकाळी. पहिल्यांदा ते झोपले होते, दुसऱ्यांदा निघून गेले होते. उमेदवारी रद्द झाली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा बाईंकडून दहावीचे विज्ञान काढून पाचवीचे दोन वर्ग दिले गेले. जिच्याशिवाय शाळा चालणार नाही म्हणून सोडले नाही, तिला दहावी शिकवू द्यायची नाही. याला काय म्हणावे?

संस्थेची बाजू आम्हाला ठाऊक नाही असे नाही. आमच्यातल्या एकाने मुख्याध्यापक म्हणून ती बारा वर्षे भोगली आहे. २ मे २०१२ ला सरकारने खासगी शाळांतली शिक्षक भरती थांबवली, तेव्हापासून गेलेल्या माणसाची जागा भरणे म्हणजे नवस फेडण्यासारखे झाले. संचमान्यता, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या बीडला खेपा. विज्ञानाचा शिक्षक गेला की वर्षभर तासिका तत्त्वावर कुणीतरी उभे करायचे, आणि निकाल लागला की पालक विचारतात, मुले नापास कशी झाली. ही अडचण खरी आहे. पण ती अडचण एका बाईच्या नोकरीवर उभी करायची आणि वर तिला कौमची खिदमत म्हणायचे, हे कोणत्या हिशेबात बसते? अडचणीसाठी कायद्याने वाट ठेवली आहे. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी राज्याचा १९७७ चा कायदा आहे, १९८१ ची नियमावली आहे. कायम शिक्षकाने सोडून जाताना तीन महिन्यांची आगाऊ नोटीस द्यायची किंवा तितका पगार भरायचा. ते तीन महिने संस्थेचे. त्यात तिने माणूस शोधावा, प्रस्ताव पाठवावा, शिक्षणाधिकाऱ्यांशी भांडावे. त्यापुढचे आयुष्य संस्थेचे नाही.

त्याच कायद्याचे सातवे कलम आमच्या वाचकांनी एकदा काढून वाचावे. राजीनामा कसा द्यायचा ते त्यात सांगितले आहे. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर टपालाने व्यवस्थापनाकडे, एक स्वतःजवळ. साध्या राजीनाम्यासाठी कायद्याला इतके बारकावे का लिहावे लागले? नेमणुकीच्या दिवशीच बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन कपाटात ठेवणारे संस्थाचालक महाराष्ट्रात काही कमी नव्हते, अजूनही नाहीत, आणि त्यात सगळ्या धर्मांचे आहेत. कपाटातला तो कागद माणसाला हवे तेव्हा काढण्यासाठी, आणि न दिलेला ना हरकत दाखला हवे तितके ठेवण्यासाठी. दोन्ही किल्ल्या एकाच खिशात.

केंद्र सरकार आपल्या नोकरांशी कसे वागते ते पाहा. कार्मिक विभागाच्या सूचना आहेत, २०१३ च्या डिसेंबरात त्या एकत्र करून पुन्हा काढल्या. वर्षात चार वेळा बाहेरच्या पदासाठी अर्ज पुढे पाठवायचा, सहसा अडवायचा नाही. निलंबन असेल, चौकशी किंवा आरोपपत्र असेल, किंवा सार्वजनिक हिताचे ठोस कारण असेल तरच रोखायचा. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे अर्ज तर तत्परतेने पाठवायचे असे वेगळे लिहिले आहे, कारण मागे राहिलेल्या माणसाला पुढची पायरी अडली तर तो तिथेच राहतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. या सूचना आमच्या संस्थेला लागू नाहीत, हे आम्हाला कळते. आम्ही एवढेच विचारतो, ज्या दिल्लीला आम्ही रोज नावे ठेवतो ती आपल्या कारकुनाला जेवढी उदारता दाखवते, तेवढी कौमच्या इदाऱ्याला का परवडत नाही?

काही जण म्हणतील, बाईंनी गुपचूप अर्ज करायचा आणि राजीनामा देऊन निघून जायचे. पुरुष तसेच करतात, आम्हीही एकदोघांना तसा सल्ला दिला आहे. पण योग्य मार्गाने न गेलेल्या माणसाची मागची सेवा पुढे धरली जात नाही. पगाराचे संरक्षण जाते, आणि १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्याची तर जुनी पेन्शनच पणाला लागते. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत तर स्पष्ट छापलेले असते की नोकरी देणाऱ्याने परवानगी रोखल्याचे कळवले तर उमेदवारी रद्द होऊ शकते. साहेबांना हे सगळे पाठ आहे. म्हणूनच ते नाही म्हणत नाहीत. 'नाही' लेखी असते तर त्याविरुद्ध कुठेतरी जाता आले असते. आवक क्रमांक नसलेल्या अर्जाविरुद्ध कुठे जाणार?

२०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात निकाल दिला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरावे लागतील, ही अट न्यायालयाने वैध ठरवली. परळीत हा निकाल आम्हालाच ऐकवला गेला, बघा, न्यायालयही मालकाच्या बाजूने आहे. आम्ही म्हणतो, तो नीट वाचा. तिथे मुदत लिहिलेली होती, रक्कम लिहिलेली होती, सही आधी झाली होती, आणि पैसे भरून तो माणूस दुसऱ्या बँकेत गेला. त्याचा दरवाजा महाग होता, पण होता. आमच्या बाईंची मुदत कुठे लिहिली आहे? त्यांची किंमत तरी सांगा, आम्ही वर्गणी काढू. वर्गणी काढायची आम्हाला सवय आहे.

ही शाळा वर्गणीतूनच उभी राहिली. आमच्यातल्या एकाचे वालिद बकरी ईदच्या दिवशी हातगाडा घेऊन घरोघर कुर्बानीची कातडी गोळा करत. मिठात घालून ती विकली जात आणि त्या पैशात पहिल्या दोन खोल्यांचे पत्रे आले. दुपारपर्यंत त्यांच्या अंगाला असा वास लागे की ईदचे शीरखुर्मे ते संध्याकाळी आंघोळ करून खात. हैदराबादचे राज्य जाऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. मराठवाड्यातल्या मुसलमानाला उर्दूवर मिळणारी नोकरी गेली होती आणि मराठी अजून नीट आली नव्हती. त्या माणसांनी शाळा कशासाठी काढली? पोरे शिकून इथून बाहेर पडावीत म्हणून. हैदराबादला जाणाऱ्या गाडीत बसावीत, मुंबईला जावीत, कुठेही जावीत. शिकून इथेच अडकावीत म्हणून कुणी कातडी वाहिली नव्हती.

संविधानाच्या ३० व्या कलमाने आम्हाला आमच्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. तो हक्क कुणी काढून घ्यायला आले तर आम्ही रस्त्यावर उतरू. पण चालवण्याच्या हक्कात वाईट चालवण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच केरळच्या शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. आमच्या संस्थाचालकांना त्यातले ३० वे कलम तेवढे आठवते. १९ वे कलम, ज्यात कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य आहे, ते शिक्षकांसाठीही आहे हे सांगितले की त्यांना आम्ही बाहेरच्यांची भाषा बोलतो असे वाटते.

बीड जिल्ह्यात राहून या गोष्टीचे नवल वाटायला नको, असेही कुणी म्हणेल. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊस तोडायला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल देतो, मग नवरा-बायकोचा तो कोयता त्याचा. हिशेब फिटला नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच्याकडेच. दुसऱ्या मुकादमाकडे जातो म्हटले की काय होते ते इथल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात वेठबिगारीची जी लक्षणे दिली आहेत, त्यात घेतलेल्या पैशाच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे हे एक आहे. इंग्रजी मुलखात १८५९ चा एक कायदा होता. उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला त्याखाली मॅजिस्ट्रेट तुरुंगात पाठवू शकत असे. तो १९२५ च्या कायद्याने रद्द झाला. आम्ही आमच्या संस्थाचालकांना मुकादम म्हणत नाही. मुकादम निदान उचल देतो.

थर्मलवरच्या कंत्राटी पोरांची गोष्ट थोडी वेगळी. २०१३ च्या दुष्काळात खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरले नाही आणि सगळे संच बंद पडले. तेव्हा परळीच्या चिमण्या पहिल्यांदा थंड पाहिल्या. त्यावेळी काम गेलेली पोरे आमच्या टेबलावर आली. आठ-आठ वर्षांचा अनुभव, पण अनुभवाचा दाखला मागायचा कुणाकडे? तीन कंत्राटदार बदललेले. पहिला म्हणतो माझे काम संपले, दुसरा फोन उचलत नाही, तिसरा म्हणतो दाखला दिला तर उद्या कायम करा म्हणून कोर्टात जाशील. ते एक स्वतंत्र दुखणे आहे, त्यावर पुन्हा कधी लिहू.

आणि आखाती देश. परळीतली, बीडची, लातूरची पोरे तिकडे गेली. कफील हा शब्द आमच्या बायकांनाही माहीत आहे. पासपोर्ट कफीलच्या तिजोरीत, त्याच्या सहीशिवाय दुसरी नोकरी नाही. ईदला घरी आलेला पोरगा ही हकीकत सांगायचा तेव्हा संस्थेचे हेच साहेब हळहळायचे. या अरबांना दीन कळतो का, असे म्हणायचे. २०२० मध्ये कतारने नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना हरकत दाखल्याची अट काढून टाकली. ओमानने २०२१ च्या जानेवारीपासून काढली, सौदीने त्याच वर्षी मार्चमध्ये बऱ्याच कामगारांना करार पुरा झाल्यावर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. कागदावरचे प्रत्यक्षात किती उतरले तो वाद आहे, घरकामाच्या बायांना आणि शेतावरच्या मजुरांना सौदीने बाहेर ठेवले हेही खरे. तरी कागदावर त्यांनी लाज बाळगली. मोहल्ल्यातला कफील अजून आवक क्रमांकही द्यायला तयार नाही.

साहेब दीनदार आहेत, तहज्जुदगुजार आहेत, म्हणून दीनचीच गोष्ट काढतो. हजरत मूसा मदयनला पोहोचले तेव्हा त्यांनी एका बुजुर्गाकडे काम धरले. कुरआनच्या सूरह कससमध्ये ते सगळे आहे. आठ वर्षे ठरली, स्वखुशीने केली तर दहा. कामावर ठेवणाऱ्याने तिथेच सांगून टाकले की तुला अडचणीत घालायचा माझा इरादा नाही. मुदत भरली आणि हजरत मूसा घरच्यांना घेऊन निघाले. वाटेत त्यांना आग दिसली, पुढचे सर्वांना ठाऊक आहे. त्या बुजुर्गाने बैठकीत विषय ठेवतो म्हटले असते तर?

दुसरी गोष्ट हजरत बिलालची. त्यांना विकत घेऊन आझाद करणारे हजरत अबू बक्र. रसूलुल्लाहच्या वफातीनंतर हजरत बिलालना मदिना सोडून जायचे होते. तेव्हा त्यांनी अबू बक्र यांना जे विचारले ते बुखारी शरीफमध्ये नोंदलेले आहे. आशय असा की, मला स्वतःसाठी सोडवले असेल तर ठेवून घ्या, अल्लाहसाठी सोडवले असेल तर जाऊ द्या. आम्ही ही हदीस दर रमजानला ऐकतो आणि बिलालच्या इश्कावर रडतो. ज्याच्यावर सगळ्यात मोठे उपकार, त्यालाच तोंडावर विचारलेला प्रश्न म्हणून ती आम्हाला कुणी शिकवली नाही.

आता स्वतःबद्दल. आमच्यापैकी दोघे या संस्थेचे आजीव सभासद आहेत. सर्वसाधारण सभेला जातो, हजेरीवर सही करतो, बिर्याणी खातो. गेल्या बारा वर्षांत असे निदान चार अर्ज अडल्याचे आम्हाला माहीत होते. त्यातला एक शिक्षक नंतर दारू प्यायला लागला. त्याला आम्ही नसीहत केली, संस्थेला केली नाही. बाहेर कळले तर लोक हसतील, वर्तमानपत्रात येईल, आधीच दिवस वाईट आहेत, घरातले घरात राहू द्यावे, असे आम्ही एकमेकांना समजावले. दिवस वाईट आहेतच. पण वाईट दिवसांचा आडोसा करून साहेबांनी जे केले, त्यावर आमच्या गप्प बसण्याचाही शिक्का आहे. बाई तपासणीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात आल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, चाचा, तुम्ही तिथे सभासद आहात ना? झेरॉक्सचे मशीन चालू होते म्हणून उत्तर द्यावे लागले नाही.

संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस आली आहे. आम्ही दोन सभासदांच्या सहीने एक ठराव लेखी दिला आहे. बाहेरच्या पदासाठी आलेल्या प्रत्येक अर्जाला त्याच दिवशी आवक क्रमांक द्यावा, सात दिवसांत दाखला द्यावा किंवा कारणासह लेखी नकार द्यावा, सात दिवसांत काहीच झाले नाही तर दाखला दिला असे धरावे, आणि दहावीचे विज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे परत जावे. कारकुनाने कागद घेतला आणि म्हणाला, साहेब बघतील, मग नंबर टाकू. आम्ही बाकावर बसून राहिलो. जोहरची अजान झाली, एक जण नमाजला गेला, एक बसून राहिला, तो आला मग दुसरा गेला. अडीच वाजता कारकुनाने रजिस्टर उघडले. आवक क्रमांक २१७. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आहे, तिच्या पाच झेरॉक्स काढल्या आहेत.